शेळीनं पास केलेला अडुळसा

मोबाईलवर माझा फार विश्वास होता, पालीला सासुरवाडीला जाईपर्यंत.

खोकून खोकून छाती दुखायला लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अडुळशाचा काढा देते."

मी म्हटलं, "पानं मी आणतो. फोटो काढला की मोबाईल झाडाचं नाव सांगतो."

ऐटीत मूठभर पानं आणली. त्यांनी ती शेळीपुढे धरली. शेळीनं फस्त केली.

"ह्यो अडुळसा न्हाय. अडुळशाला शेळी तोंड लावत न्हाय."

मग त्यांनी स्वतः कुंपणाची पानं तोडून शेळीपुढे धरली. शेळीनं हुंगून मान फिरवली. काढा झाला. पहिल्या घोटाला मीही मान फिरवली.

सासूबाई बायकोला म्हणाल्या, "आता दोघांचं एकमत झालं. पाज त्यांना."