साठाचे चाळीस

फेरीबोटीच्या रांगेत एक शिंपीणबाई स्कूटर टेकवून उभ्या होत्या. पुढच्या रुग्णवाहिकेचं दार उघडं होतं. आत मास्क लावलेले एक वृद्ध गृहस्थ पडून होते आणि दारापाशी त्यांची मुलगी ड्रायव्हरशी बोलत होती; ते शिंपीणबाईंना ऐकू येत होतं.

“ताई, घोटाळा झाला! सिलिंडरचा साठावरचा काटा धाडकन खाली आला. ऑक्सिजन गळतोय!”

“कशाला हात लावलात?”

“त्याच नळीला जोडलेल्या दुसऱ्या सिलिंडरचा नळ उघडला. भरलेला असेल असं वाटलं.”

“आणि तो रिकामा निघाला. केवढा आहे?”

“पाच लिटरचा. पहिला दहाचा.”

“थांबा. दहा लिटरमध्ये दाब साठ बार, म्हणजे बाहेर सोडला तर सहाशे लिटर वायू. तेवढाच वायू आता पंधरा लिटरमध्ये पसरला. सहाशे भागिले पंधरा?”

“अहो, अशा वेळी भागाकार कसला विचारता!”

“चाळीस. त्याच्या खाली असेल तर गळती आहे. नीट बघून सांगा.”

“बघतो... चाळीस. बरोब्बर चाळीस!”

“मग काही गेलं नाही. दोन्हींत वाटला गेलाय, एवढंच. मिनिटाला पाच लिटर धरले तर दोन तास पुरेल.”

“पलीकडे पोचायला तासच लागतो. हॉस्पिटल धक्क्याला लागूनच आहे.”

“बाबा, मास्क काढू नका! काय म्हणताय?”

“तापमान... बदललं नाही, असं... गृहीत धरलंस. ते आधी... सांगायचं असतं.”

“चुकलं, सर,” त्यांच्या वर्गात म्हणायची तशी मुलगी म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आवरेना.