एक जण बटणापाशी

नाही, वास येतो असं नका म्हणू, मॅडम — आधी पाणी बघा आणि मग वासाचं बोला. या, इथे या, या फरशीवर उभ्या राहा, ती दुसरी हलते. दिसतोय तळ? दिसतोय ना? ती फुटकी बशी पडलीय खाली, तिच्यावरची निळी नक्षीसुद्धा दिसते — आणि हे म्हणे डासांचं डबकं! तक्रार कुणी केली ते तुम्ही सांगणार नाही, नियम असेल तुमच्या ऑफिसचा, असू दे, मला विचारायची गरजच नाही. तो पलीकडचा दाढीवाला. दुसरं कोण? स्वतः गाडी धुवायला नळी सोडून आत गप्पा मारत बसतो, ते पाणी रस्त्यावर, त्यात शेवाळ, त्याच्याकडे कुणी येत नाही पाहणीला. आणि इथे आम्ही थेंब थेंब जपतो तर लगेच फोन — आणि वर तुम्ही म्हणता, दोष आढळला तर तळं बुजवावं लागेल. बुजवावं! म्हणजे काय, रस्त्यातला खड्डा आहे का हा?

नाही, मी चिडलेलो नाही. माझा आवाजच असा आहे. चष्म्याचं दुकान होतं माझं, दिवसभर गिऱ्हाइकाला विचारायचं, आता बरं दिसतं की मघाशी बरं होतं — मोठ्यानेच बोलायची सवय लागली. तुमच्या चष्म्याची डावी काडी वाकलीय, माहितीये का? म्हणून तो सारखा घसरतो नाकावरून. जाताना द्या, दोन मिनिटांत सरळ करून देतो. पैसे-बैसे काही नको — आणि लाच समजू नका, हं.

तर हा खडीचा वाफा. हीच तळ्याची गाळणी. लोकांना वाटतं शोभेला खडी टाकलीय आणि वर कर्दळ लावलीय. शोभेला नाही! तो पंप बघा, तिकडे स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून पेटीत आहे, घूं घूं चाललाय तो — तो तळ्याच्या बुडाचं घाण पाणी ओढतो आणि या खडीच्या खाली नेऊन सोडतो. खालून, वरून नाही. तिथून पाणी खडीतून हळूहळू वर चढतं. खडीला बारीक जीव चिकटलेले असतात, आपल्याला दिसत नाहीत, ते घाण खातात, उरलंसुरलं कर्दळीची मुळं घेतात, आणि इथून काठावरून पाणी परत तळ्यात पडतं. औषध नाही, पावडर नाही, काही नाही. एकच अट — पंप थांबता कामा नये. थोडा वेळ चालेल, पण तासन् तास बंद राहिला की खालच्या जिवांची हवा तुटते, ते मरतात, सडतात, आणि मग मासे. तो नारिंगी जाड्या दिसला? माणूस आला की वर येतो, लाडावलाय. तो पहिला जाईल. म्हणून हा आवाज दिवसरात्र. मला तर आता त्याच्याशिवाय झोप लागत नाही. आमची ही म्हणते, तिला त्याच्यामुळे लागत नाही. डोक्याजवळच भिंत येते ना तिच्या. चालायचंच, संसार म्हटला की —

अहो, तिकडे कुठे निघालात? चिखल आहे तिकडे, बूट खराब होतील. त्या लव्हाळ्यामागे काही नाही, नुसती — थांबा. थांबा जरा. ते झाकण आहे तिथे हे तुम्हाला कसं कळलं? नाही, तुम्ही सरळ तिकडेच गेलात. या वाफ्याला खालचा गाळ बघायचं झाकण असतं हे माहीत असलेली माणसं असतात, मानलं, तुम्ही शिकलेल्या आहात, पण लव्हाळ्यामागे, डाव्या हाताला, कुंडीखाली — कुंडी उचललीत तुम्ही, मॅडम! दाढीवाल्याच्या गच्चीतून ते दिसत नाही. मी बघून आलोय त्याच्या गच्चीवरून.

उघडा मग. उघडा, आता काय लपवायचं. जोर लावा, घट्ट बसतं ते — हं. हो. येतो वास. सडक्या अंड्यासारखा, हो, मला नाक आहे. वरचं पाणी स्वच्छ आहे ना पण? वरचं पाणी तर — बरं. जरा राहिलंय करायचं. गाळ बसतो तळाशी, तो अधूनमधून काढावा लागतो, एरवी मी वेळच्या वेळी काढतो, कुणालाही विचारा. या वेळी राहिलं. बरंच राहिलं. आळस नाही हो! मी सकाळी उठल्यापासून इथेच असतो, जेवायलासुद्धा हाक मारावी लागते. पण हे एकट्याचं काम नाही, तिथे सगळं अडलंय. बघा, पंप क्षणभर थांबवून हा कोपऱ्यातला कॉक उघडायचा, आणि मग पंप पूर्ण जोरात सोडायचा, की खालचा काळा गाळ त्या जोराने भसाभसा बाहेर येतो, त्या चरात. आणि जरा पांढरं पाणी दिसायला लागलं की पंप ताबडतोब बंद. ताबडतोब! नाही तर गाळ संपून सगळं तळंच बाहेर वाहत जाईल. म्हणजे एक जण इथे कॉकापाशी, आणि एक जण आत, बटणापाशी. बटण स्वयंपाकघरात आहे, त्या खिडकीच्या शेजारी. इतकी वर्षं हीच उभी राहायची. मी इथून ओरडायचो, चालू! — की चालू. बंद! — की बंद. एकदासुद्धा चुकली नाही. हात ओले असले तरी पदराला पुसत यायची. खरं सांगू का, मुलगी लग्न होऊन गेल्यावर घरात आमचं बोलणं म्हणाल तर तेवढंच उरलं होतं. चालू, बंद. हसू नका. पुष्कळ घरांत तेवढंही नसतं.

आता नाही उभी राहत. नाही म्हणते. म्हणत नाही खरं तर, काहीच म्हणत नाही, मी हाक मारली की उठून आतल्या खोलीत जाते. कंटाळली असेल. वय झालं की माणूस हट्टी होतं. मग मी एकदा चालू करून धावत आलो इकडे, पायऱ्यांवरून घसरलो, गुडघा बघा अजून — काय? काय म्हणालात?

पडल्यानंतर बऱ्या आहेत का.

कोण पडल्यानंतर? नाही, मॅडम, आता मी विचारतोय. ती पडली होती हे तुम्हाला कुणी सांगितलं? आम्ही कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, तिला काळजी नको म्हणून. दाढीवाल्याला तर शक्यच नाही. डॉक्टर काय तुमच्या ऑफिसात येऊन सांगणार? ती बरी आहे. चक्कर होती. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, चालते, फिरते, स्वयंपाक करते. थोडा डावा हात — पण करते सगळं.

आणि तुमच्या मनात काय आलंय ते दिसतंय मला. तसं काही नव्हतं. मला काय स्वप्न पडलं होतं का? मी इथे होतो, असाच, वाकलेला, कॉक उघडा, गाळ गेला, पांढरं पाणी आलं, मी ओरडलो, बंद! पंप चालूच. पुन्हा ओरडलो. चालूच. मला वाटलं भाजीला फोडणी टाकत असेल, ऐकू गेलं नसेल. मग वाटलं मुद्दाम करतेय, सकाळी बोलाचाली झाली होती जरा. तळं रिकामं व्हायला लागलं, मासे आडवे पडायला लागले, आणि हा कॉक गाळाने अडकलेला, फिरेना! तुम्ही काय केलं असतं? सांगा ना. पंप तिच्याकडे, मासे माझ्यासमोर. मी कॉक धरून बसलो, दोन्ही हातांनी, शिव्या देत — हो, तिला शिव्या देत — शेवटी फिरला. मग जाड्याला उचलून बादलीत घातलं, बाकीचे गोळा केले, नळी सोडली, पाणी भरायला लावलं. वेळ लागतो याला. लागतोच. आणि मग नळावर हातपाय धुतले, साबण लावून, कारण आतली फरशी पुसलेली होती, आणि चिखलाच्या पायांनी आत आलेलं तिला खपत नाही. टॉवेलने पुसले. आणि दारातूनच बोललो, की तुझ्यामुळे सगळं पाणी गेलं. पाहिलं नव्हतं हो मी अजून! दारातून ओटा दिसतो, खालची फरशी दिसत नाही. मग दोन पावलं आत गेलो.

बटणाच्या खाली, भिंतीशी होती. भिंतीवर हळदीचा हात होता, वरून खालपर्यंत ओढलेला. ती बंद करायलाच आली होती. शुद्धीवर होती, मॅडम. ते मी डॉक्टरांनाही नाही सांगितलं. डोळे उघडे होते तिचे, बोलता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं सगळं. ओरडत होतो ते, शिव्या दिल्या त्या, नळाचा आवाज, आणि दारातून बोललो ते. सगळं.

त्याच्या आधी म्हणाली होती एकदा, डोळ्यांपुढे अंधारी येते, एकाच्या दोन वस्तू दिसतात. माझ्यासारख्या चष्मेवाल्याला म्हणाली! मी म्हटलं, नंबर वाढला असेल, बघू, एवढा गाळ काढून झाला की बघू. रस्त्याने जाणाऱ्याचा चष्मा वाकडा दिसला तर मला चैन पडत नाही, आणि घरातल्या बाईचे डोळे — जाऊ दे. हे तुम्हाला कशाला सांगतोय मी. तुम्ही डासांचं बघायला आलात.

डासांचंच ना?

तुम्ही तिकडे का बघितलंत आत्ता? खिडकीकडे. मघापासून तिसऱ्यांदा बघताय, मला वाटलं उन्हामुळे. झाकण लव्हाळ्यामागे आहे, कुंडीखाली. ती पडली होती. हे दोन्ही माहीत असलेलं माणूस — दोनच आहोत आम्ही या घरात, मॅडम, आणि मी काही फोन केला नाही.

तिने केला.

नका सांगू, तुमचा नियम मोडू नका, नुसत्या गप्प राहा, तेवढं पुरे. म्हणजे माझ्याशी एक शब्द नाही, आणि परक्या ऑफिसात फोन करून — काय म्हणाली? वास येतो म्हणाली? की तो आवाज सहन होत नाही म्हणाली? मला म्हणायचं ना! मी काय ऐकलं नसतं? मी ऐकलं — हं. हो. म्हणाली होती. भिंतीतून डोक्यात घुसतो म्हणाली होती, पडल्यावर पहिलं नीट वाक्य बोलली ते हेच, की तो आवाज बंद करा. आणि मी तिला समजावत बसलो, बारीक जीव कसे मरतात ते.

लिहा तुम्ही, काय लिहायचं ते लिहा. नाही, थांबा, लिहू नका. गाळ मी काढतो. आजच काढतो. तुम्ही फक्त त्या बटणापाशी उभ्या राहा पाच मिनिटं, मी इथून ओरडतो, तुम्ही दाबा, एवढंच, कुणीही करू शकतं — नाही करणार? बरोबर आहे. तुमचं काम नाही ते. मग मी दाढीवाल्याला विचारतो, पाया पडतो त्याच्या, पण तळं बुजवायचं म्हणजे, मॅडम, मग मी दिवसभर करायचं काय? त्या घरात जाऊन बसायचं? तिच्यासमोर? काय बोलायचं मी तिच्याशी, तुम्हीच सांगा, इतक्या वर्षांत मला दोनच शब्द —

ऐकलंत?

नाही, आवाज नाही, तेच म्हणतोय मी. पंप थांबला. लाइट गेली वाटतं. नाही, ओट्यावरचा दिवा चालू आहे, दिसतोय इथून. मी काही म्हटलं नव्हतं. मी बंद म्हटलं नव्हतं, मॅडम, तुम्ही इथेच होतात. तिचं तिनेच —

पडदा हलला. उभी आहे ती. बटणापाशी उभी आहे.

चालू असं ओरडायला तोंड उघडलं होतं मी. दिसलं ना तुम्हाला? नाही ओरडलो.

तुम्ही निघा आता. गेटची कडी हाताने लावा, आपोआप लागत नाही ती. चष्मा पुन्हा कधीतरी. नाही, मासे राहू देत, त्यांना अजून वेळ आहे, मी आत जातोय. काय? हातपाय? राहू देत तसेच.