भुवईची नोंद

सन्माननीय अध्यक्ष, कर आयुक्त महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी आणि तिसऱ्या रांगेत फुलं घेऊन बसलेल्या पाळणाघराच्या बाई,

माझ्याबद्दल आज इतकं चांगलं बोललं गेलं, की मी मागे वळून पाहिलं, दुसरंच कोणी निवृत्त होतंय की काय. ‘निःपक्षपाती’ हा शब्द तर तिघांनी वापरला. भेदभावाच्या तक्रारीवरून माझ्यावर नेमलेल्या चौकशी समितीनेही तोच वापरला होता. बरोबरच आहे, कागदावर काही नव्हतंच.

करसवलत मागणाऱ्या संस्थांची नावं आमचे हेडक्लार्क मोठ्याने वाचायचे आणि मी ऐकायचो. आधीच्या सरकारात नावात ‘परंपरा’ आली की माझी भुवई वर जायची आणि फाईल खिडकीत धूळ खात जाऊन पडायची. सरकार बदललं, तेव्हापासून ‘हक्क’ आला की. मला कोणी आदेश दिला नव्हता. वारा येईल तशी पाठ फिरवायला आदेश कशाला लागतो? आणि भुवईची नोंद कोणत्या रजिस्टरात करतात?

बाईंची संस्था ‘कष्टकरी महिला हक्क मंडळ’. काम एकच, धुणीभांडी करणाऱ्या आयांची मुलं सांभाळायची. मी त्यांना विचारलं, सभासद काय वाचतात, सभांना कोण येतं, भिंतीवर कोणाचे फोटो आहेत. त्या म्हणाल्या, “साहेब, भिंतीवर बाराखडी आहे.” मी म्हटलं, तसं लेखी द्या. तुम्ही आत्ता हसलात, तसे आम्हीही तेव्हा हसलो होतो.

दोन वर्षं त्या हेलपाटे घालत राहिल्या. दर वेळी मी खुर्ची दिली, चहा मागवला. फाईल तेवढी हलवली नाही.

आज सकाळी ती उचलली, धूळ झटकली आणि सही केली. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. मघाशी बाई दारात भेटल्या. म्हटलं, “तुमचं काम झालं.”

त्या म्हणाल्या, “पाळणाघर गेल्या महिन्यात बंद झालं, साहेब. करसवलतीशिवाय देणगीदार तरी किती थांबणार? पण त्या ऑफिसात तुम्ही एकटेच माणसासारखे वागलात, म्हणून आले.”

बाई, फाईल माझ्याच खिडकीत होती. मला लाज वाटते. ती फुलं मला देऊ नका.

उद्या माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांना एकच सांगतो, हेडक्लार्कना संस्थेचं नाव झाकून आधी काम वाचायला सांगा.

आयोजकांचे आणि आपल्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहाने पदरात घ्यावं. बाईंकडे मात्र तेवढं मागायला मला तोंड नाही.