आधी बोलला तो हरला

माझा बाप दिग्रसजवळच्या खेड्यात लोकायची ढोरं चारे. आम्ही आज्यापासून ख्रिस्ती, घरात प्रार्थना भरपूर अन् भाकर कमी. बैलबाजारात मी दलाल म्हणून उभा राह्यलो तो कोणाच्या मेहरबानीनं नाही जी, स्वतःच्या जिभेवर. तिथं एकच गोष्ट शिकलो, भाव आधी सांगायचा नाही, समोरचा तोंड उघडे तोवर गप बसायचं. आधी बोलला तो हरला. काय सांगू तुम्हाले, बायकोसंगही मी तसाच भांडलो.

तर चर्चच्या छपराची टिनं मी घासाघीस करून स्वस्तात आणली, अन् याकूब, आमच्या मंडळीतला वडील म्हणजे चर्चचा पंच, उपासना झाल्यावर साऱ्यायसमोर म्हणते, स्वस्त आणली खरी, पण ह्यात याची दलाली किती ते यालेच माहीत. एक पैसा खाल्ला नव्हता मी. अंग पेटलं माझं. तवापासून सात वर्षं त्याच्याशी बोललो नाही, अन् प्रभुभोजनही, म्हणजे चर्चमधली भाकर अन् द्राक्षरसाचा प्याला, घेतलं नाही, कारण मनात वैर ठेवून ते घेऊ नये, अन् वैर तर मले सोडायचं नव्हतं. पाळकसाहेब म्हणत, तू जाऊन बोल. मी म्हणे, त्याले आधी बोलू द्या.

मागच्या उन्हाळ्यात एका बैलाचे दात पाहाले वाकलो अन् तसाच पडलो. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं. आयुष्यभर दात पाहून बैलायचं वय सांगितलं, पण सकाळी घरून निघालो तवा माझं मलेच काही माहीत नव्हतं.

खाटेवर पडून मी देवासंग सौदा मांडला. हात ठेव तुझ्याकडं, जीभ तेवढी वापस दे. देव काही बोलेना. मी म्हटलं, हाही पक्का व्यापारी दिसते. मग एक दिवस बायकोनं, रूथनं, भरवलेला घास गळ्यात अडकला, दम कोंडला, अन् तिनं पाठ बडवेपर्यंत समजून चुकलो का आपल्याजवळ द्यायले काहीच नाही, श्वासही आपला नाही. मग सौदा कायचा करून राह्यलो मी?

त्याच आठवड्यात, शनिवारी, याकूब वस्तरा घेऊन आला. याची दाढी वाढली वहिनी, असं रूथले म्हणाला, मले नाही. सात वर्षांचा वैरी अन् माझी मान त्याच्या हाती. तो गेल्यावर मी रूथले इचारलं, याले पाहिजे काय? ती म्हणे, तुमचे गाल. चार शनिवार तो आला, चारही वेळा मी डोळे उघडे ठेवले.

पाचव्या शनिवारी मीच बोललो. याकूब, सात वर्षं राग धरला, चुकलो. अर्धे शब्द लाळेतच गेले. तो म्हणे, हालू नको, कापलं जाईन.

बस, एवढंच. टिनाची माफी त्यानं आजवर मागितली नाही, अन् मी आता वाट पाहत नाही, म्हणजे रोज नाही पाहत. तो कायले येते हे मले अजून समजलं नाही, नजर हाय माझी त्याच्यावर. पण आता प्रभुभोजन घेतो. डाव्या हातात प्याला थरथरते तवा तो खालून हात लावते. देव त्याचा हात शाबूत ठेवो.