पांढरे ठिपके

दोन हजार एक साली अंबडच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी दोन बाया बोलत होत्या.

"दुर्गे, कुठं निघालीस गं?"

"औरंगाबादला, साखरामावशी. माझी नंदा तिथं शिकून राह्यली ना, तिचा काल फोन आल्ता. प्रयोग जमला तिचा!"

"कशाचा?"

"जिवाच्या आत डीएनएचा धागा असतो. तिनं तो कापून त्यात दुसरा तुकडा जोडला."

"कात्रीनं?"

"कात्रीला तो सापडतच न्हाई, इतका बारीक. त्याला विकर, म्हंजे एन्झाइम लागतं. एक विकर ठरलेल्या जागीच कापतं, दुसरं तुकडे सांधून टाकतं."

"अन् सांधलं हे कळतं कसं?"

"तो धागा जंतूंत घालून ते बशीत वाढवतात. जोड न्हाई बसला तर निळे ठिपके येतात, बसला तर पांढरे. तीन बार नुसते निळेच आले. पोरगी रडून म्हणली, घरी येते."

"मी तर दहावीलाच म्हणले होते, लग्न करून टाक."

"म्हणल्या होत्या. मी तिला सांगितलं, बियाण्याच्या प्लॉटवर मी एका कपाशीचा पराग दुसऱ्या फुलाला लावत अठरा वर्षं काढली. पहिल्या साली माझं एक बोंड धरलं न्हाई. तू पुन्हा कर."

"मंग?"

"मंग काय, काल पांढरे आले."

"तुला हे सारं समजतं?"

"तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. समजल्याबिगर आनंद कसा करू?"

गाडी लागली.

"चला, मावशी. तिला सांगितलंय, मी आल्याबिगर ती बशी धुवायची न्हाई."