लिफ्टशेजारचा फोटो

आधी माझं नाव लिहा ताई, सुरेखा बालाजी, आणि हेही लिहा की महिला दिनानंतरच्या चौथ्या दिवशी, सकाळी सव्वादहाला, बेंगळुरूत, बेळ्ळंदूरच्या एका मोठ्या इमारतीच्या तळघरात ॲसिडनं माझा उजवा हात भाजला, आणि तेव्हा माझ्या हातात मोजा नव्हता. नव्हता म्हणजे नव्हता.

मी बिदरकडची, भालकीच्या अलीकडं आमचं गाव, घरात मराठी, शाळेत कन्नड, तीही चौथीपर्यंतच. लग्न झालं तशी इकडं आले, सात वर्षं त्या एकाच इमारतीत झाडलोट केली, सगळे अक्का म्हणायचे. पुण्याची दोन-तीन घरं होती, ती म्हणायची, मावशी, किती बरं वाटतं तुमचं मराठी ऐकून. बरं वाटायचं, पण आमची लिफ्ट वेगळी, सामानाची.

तर महिला दिन. सुपरवायझर ओरडत आला, अक्का, बन्नी बन्नी, लवकर या, पदर नीट करा, फोटो आहे. आम्हा सहाजणींना कारंज्यापुढं उभं केलं आणि निळे रबरी हातमोजे दिले, कोरे करकरीत. मी घालायला गेले तर दोन्ही मोजे मनगटापाशी पांढऱ्या प्लास्टिकच्या दोऱ्यानं एकमेकांना बांधलेले, दुकानात असतात तसे. दातानं तोडायला गेले तर तो म्हणाला, अय्यो, तोडू नका, परत द्यायचेत दुकानात. मग हात घालू कसे? म्हणाला, स्वल्प जवळ धरा की, नमस्कार करा, अजून छान दिसेल. शेजारची लक्ष्मी म्हणाली, बेड्या घातल्यागत दिसतीस गं. मी हसले. ते हसणं फोटोत आलंय, तेच मला आता बघवत नाही.

चौथ्या दिवशी पार्किंगचे डाग काढायला ॲसिड दिलं. मी मोजे मागितले. तो म्हणाला, फोटो झाला ना अक्का, गेले ते परत. पुढचं काय सांगू तुम्हाला, कॅन निसटला, हात गेला. आता बोटं मिटत नाहीत, फडकं पिळता येत नाही, भाकरी थापता येत नाही.

बरी झाल्यावर सोसायटीच्या कमिटीपुढं गेले, म्हटलं, बसून करायचं काही काम द्या, पण कामावर घ्या. कमिटीच्या मॅडमनी तोच फोटो मोबाइलवर पुढं केला. लिफ्टशेजारी भिंतीवरही तो चौकटीत लावलाय, खाली इंग्रजीत लिहिलंय, आमच्या भगिनी, आमचा सन्मान, त्यांची सुरक्षा. म्हणाल्या, मोजे दिलेले दिसतायत, तुम्ही हात जोडून आभार मानताय, मग चूक कुणाची? आणि कागद सरकवला, माझ्याच निष्काळजीपणानं झालं, सही करा. मी म्हटलं, मॅडम, मनगटाकडं बघा, दोरा दिसतोय, बांधलेल्या मोज्यानं कोण फरशी घासतं? त्यांनी बघितलं, चष्मा वर करून बघितलं, आणि म्हणाल्या, उजेडाची रेघ असेल.

सही केली नाही मी. तेव्हापासून घरी बसलेय. लक्ष्मीला दोरा माहीत आहे, पण ती बोलली तर तीही घरी बसेल, तिला मी दोष देत नाही, तिचं काम टिको.

हे वाचणाऱ्यांत त्या इमारतीतलं कुणी असेल, तर हळहळू नका. येत्या बैठकीला जा, तो फोटो भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवा, मनगटापाशी काय दिसतं ते सगळ्यांपुढं मोठ्यानं सांगा, आणि बैठकीच्या वहीत ते लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.