वर्षालीची खोली

कुरुळीच्या थांब्यावर चाकणच्या बसची वाट बघत होतो. बाकावर शेजारी बाळाजी आणि त्यांची बायको कुशाबाई बोलत होते.

“लेकीला माडीवर पत्र्याची खोली? लोक काय म्हनतील?”

“अगं, पत्रा न्हाई. पोलादाची हलकी चौकट असती. दोन्हीकडनं बोर्ड लावत्यात, मधी गादीसारखं भरत्यात. ऊन लागत न्हाई.”

“मग इटांचीच बांधा की.”

“आपल्या जुन्या भितींना इटांचं वजन पेलायचं न्हाई. ही पेलंल. चौकट कारखान्यातनं कापूनच येती, हितं नुसते स्क्रू मारायचे. आज चाकणात सांगितलं, की म्हैन्याच्या आत उभी.”

“एवढी घाई कशापायी?”

“काल वर्षालीचा फोन आला हुता.”

“रडत हुती?”

“न्हाई. रडली असती तर बरं वाटलं असतं. नुसती गप्प हुती.”

“जावयानं परत हात उचलला?”

“व्हय. म्या म्हनलो, खोली बांधतो, मग ये.”

“मग ये? आन् तवर?”

कुशाबाई उठल्या.

“चला, रस्ता वलांडू. वर्षालीच्या सासरची, रहाटणीची बस पलीकडनं मिळंल.”

“आन् खोली?”

“खोली हुईल. तवर माझ्याजवळ झोपंल पोरगी.”